रुजायमायच्या कोंबड्या

रुजायमायकडे कोंबडी विकत मागायला जाणं म्हणजे मुलगी मागायला जाणं. फरक इतकाच, की मुलीचा बाप निदान चहा तरी पुढे करतो. रुजायमाय तुम्हाला बेड्यापाशीच उभं करायची. बेडं म्हणजे आमच्याकडचं आडव्या बांबूंचं फाटक. त्या बांबूवर दोन्ही हात टेकून ती विचारायची, "कित्याक व्हई?" खायला हवी म्हटलंत तर संपलंच. "माझ्याकडे खावची कोंबी नाय. बाजारात जावा." पाळायला हवी म्हटलंत, की उलटतपासणी सुरू. घरात माणसं किती, कुत्रा आहे का, खुराड्याला खालून फळी आहे की नुसती माती, पावसात आत पाणी येतं का, संध्याकाळी दार कोण लावतं. सगळी उत्तरं बरोबर दिलीत तरी कोंबडी त्या दिवशी मिळायची नाही. "मिया येवन घर बघतलंय. मगे काय ता सांगतलंय." एकदा दौऱ्यावर आलेल्या कुणा साहेबाचा पट्टेवाला ऐटीत येऊन दोन कोंबड्या मागायला लागला. रुजायमाय म्हणाली, "तुझ्या साहेबाक माझी कोंबी वळखणा नाय. अनवळखी माणसावांगडा ती जावची नाय." पट्टेवाला आल्या पावली परत गेला.

आचऱ्याच्या अलीकडे आमचं गाव. मी सांगते आहे ते पन्नास-साठच्या दशकातलं. गावात ख्रिस्ती घरं चार-पाचच, त्यातलं एक रुजायमायचं. नवरा बोटीवर खलाशी होता, तो कधीच वारला होता. मूलबाळ नव्हतं. गावाच्या कडेला दगडी क्रूस होता, त्याच्या मागे तिचं घर, फणसाचं एक झाड आणि तीस-पस्तीस कोंबड्या. बुटकी, काळीसावळी बाई, गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला छोटा क्रूस आणि नजर कायम जमिनीकडे. नवख्या माणसाला वाटायचं, बाई काय नम्र आहे! कसली नम्र? ती शिटा बघत असायची. "पयली शीट बघ, मगे कोंबी बघ," हे तिचं ब्रीद. "तुरो, डोळो, पिसां, सगळा इकणारो साबण लावन चकचकीत करीत. शिटेक काय साबण लावता येता?" शीट पाणचट हिरवी दिसली की ती त्या घरात दुसरं पाऊल टाकायची नाही. माणसाची नाडी वैद्य बघतो ना, तसं ती अंगण बघायची.

आणि किंमत! देवा रे! बाजारात बरी कोंबडी दीड रुपयाला मिळायची तेव्हा रुजायमाय चार रुपये सांगायची, आणि सांगितल्यावर गप्प बसायची. घासाघीस करायची सोय नव्हती. कुणी "तीन घे गो" म्हटलं, की ती शांतपणे "साडेचार" म्हणायची. अजून बोललात तर पाच. माझ्या सासऱ्यांनी एकदा तिला विचारलं, "रुजाय, ह्या कोंबयेक काय सोन्याची अंडी येतत?" तेव्हा ती म्हणाली, "कोंबयेची किमत नाय ती. तिची आवस आणि तिची आजी मिया सांबाळलंय, तेची किमत. बाजारातल्या कोंबयेची आवस कोण, ता तुमी सांगा माका."  आपण कोंबडीच्या आईची चौकशी कधी केलीच नव्हती, हे सासऱ्यांना पटलं असावं.

तिचं म्हणणं खरंच होतं. रोडावलेली, दुसरीला टोचणारी, अंडी फोडून खाणारी, पिल्लं टाकून हिंडणारी, अशी कुठलीही कोंबडी ती रवणीवर, म्हणजे अंडी उबवायला, बसू द्यायची नाही. जी पिल्लांवर घार आल्यावर पंख पसरून अंगावर धावून जाते, तिचीच अंडी उबवायची. वीस-बावीस वर्षं असं निवडून निवडून तिने एक वाण तयार केला होता. तांबूस काळसर अंग, पिवळे पाय, आखूड तुरा. गावात कुठेही ती कोंबडी दिसली की लोक म्हणायचे, ही रुजायमायची.

मी त्या वाटेला गेले त्याचं कारण कोंबडी नव्हतंच. नवरा मुंबईला गोदीत. घरात मी आणि सासरे, आणि सासऱ्यांना दिवसाकाठी दहा शब्द पुरायचे. माझं पहिलं मूल महिन्याभराचं होऊन गेलं. त्यानंतर घर असं झालं, की चुलीतलं लाकूड तडकलं तरी मी दचकायची. आमच्या घरी कोंबडी कुणी खात नव्हतं, अंडंही नाही. तरी मला वाटायला लागलं, अंगणात काहीतरी हलावं, ओरडावं, माझ्यामागून चालावं. शेजारणी हसल्या. "खावची नाय तर कोंबी कित्याक? पूजेक?" मी कुणाला काही न सांगता रुजायमायच्या बेड्याशी जाऊन उभी राहिले.

"कित्याक व्हई?" तिने विचारलं. मी म्हटलं, "घरात आवाज नाय, माय." झालं, तेवढंच मला बोलता आलं. तिने माझ्याकडे नीट बघितलं. त्या दिवशी तिने बाकीचे प्रश्न विचारले नाहीत, पण घर बघायला मात्र आली. चांगला तासभर. खुराड्यात डोकं घालून बघितलं, कुंपणातलं मुंगसाचं भोक दाखवलं, पाणी ठेवायच्या नारळाच्या करटीला नावं ठेवली. "ह्या करटेत कोंबी पाय घालतली. दगडाची दोण घे." आठ दिवसांनी स्वतः दोन कोंबड्या काखेत घेऊन आली. मी एकीचं नाव चंपी ठेवलं, दुसरीचं शेवंती. किंमत तिने एका पैशाने कमी केली नाही, आणि ते मला आवडलं. दया म्हणून कमी केली असती तर मी त्या कोंबड्यांकडे बघून रोज रडले असते.

कोंबड्यांनी माझं घर परत बोलतं केलं, यात कणभर अतिशयोक्ती नाही. चंपी तर इतकी लाघवी, की मी भात कांडायला बसले की उखळापाशी येऊन माझ्या लुगड्याचा काठ टोचायची. सासरेही तिच्याशी बोलायचे, माझ्याशी बोलत त्याहून जास्त. मी दर दोन दिवसांनी काहीतरी निमित्त काढून रुजायमायकडे जायची. अंडी मी तिलाच नेऊन द्यायची. ती त्यातली दोन-चार निवडून रवणीखाली ठेवायची आणि म्हणायची, "चंपयेची बुद्धी बरी आसा. अंग वायच बारीक."

तिच्या घरी जायचं तर बेड्याशी पाय धुवावे लागायचे. तिथे पाण्याची एक घागर आणि चुलीतली राख ठेवलेली असायची. बाजारातून आलेल्याला तर ती पाय धुऊनही आत घ्यायची नाही, दुसऱ्या दिवशी या म्हणायची. गावात यावरून काय काय बोलणं व्हायचं! "आमी तेंच्याकडे पाणी पियणव नाय, आणि ही किरिस्तांव बाई आमकाच पाय धुवक सांगता!" पण तिचं कारण साधं होतं. कोंबड्यांवर मर येते, रोगाची साथ, ती पायांना लागून येते, असा तिचा पक्का समज होता. नवी कोंबडी घरात आणलीच तर एकवीस दिवस लांब, डालग्याखाली, वेगळ्या भांड्यात. नाताळाला ती स्वतःच्या कोंबड्या मारायची नाही, बाजारातून आणायची. तीही तिथेच कापून. "बाजारचो कोंबो जितो माझ्या खळ्यात येवचो नाय." मी एकदा विचारलं, बाजारच्या कोंबड्यांवर एवढा राग का? ती म्हणाली, "शाणो माणूस बरी कोंबी बाजारात कित्याक नेयत? जेच्या वाडयेत मर इली, तो बेगीन बेगीन बाजार गाठता." हे मला तिने सांगितलं होतं. माझ्या समोर बसून, माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं म्हणायला मला तोंड नाही.

गावातल्या हिंदू घरांचं तर तिच्यावाचून चालायचं नाही. वर्षाला एकदा जागेवाल्याला, म्हणजे जागा सांभाळणाऱ्या देवाला, राखण द्यायची असते, त्याला कोंबडा लागतो, आणि तो बिनखोडीचा हवा. असे कोंबडे रुजायमायकडेच. देताना ती कोंबड्याच्या डोक्यावर अंगठ्याने क्रूस काढायची. आमच्या देवळाचे मानकरी दाजी एकदा चिडून म्हणाले, "गो, देवाक देवचो तो कोंबो किरिस्तांव करतंस काय?" रुजायमाय म्हणाली, "देव कोणचोय असांदे. कोंबो माझो आसा." दाजी हसले आणि कोंबडा घेऊन गेले. तेव्हा हसले होते.

माझ्या हातून पहिली चूक झाली ती साधीच. माहेरच्या माणसांशी बोलत बसले आणि संध्याकाळी खुराड्याचं दार लावायचं राहिलं. कोल्ह्याने शेवंतीला नेलं. चंपी एकटी पडली, दाणे टिपेना. मी रुजायमायकडे दुसरी मागायला गेले, तर ती फटकन म्हणाली, "देवचंय नाय. दार लावक आठवणा नाय तेका कोंबी कित्याक? पावसापर्यंत थांब, मगे बघूया." मला भयंकर राग आला. मूल गेल्यापासून गावातल्या बायका माझ्यामागे काय पुटपुटतात ते मला ठाऊक होतं, आणि आता हीसुद्धा मला सांभाळता येत नाही म्हणते! आग लागो त्या रागाला. त्या तिरमिरीत मी आठवड्याच्या बाजाराला गेले.

तिथे एक बाई पाच-सहा कोंबड्या पाय बांधून घेऊन बसली होती. त्यातली एक ठिपक्याठिपक्यांची, कवडी, फार देखणी. बाई दर दोन वाक्यांनी उन्हाकडे बघत होती. म्हणाली, "सगळा इकून टाकतंय गो, मुंबैक झिलाकडे जातंय." एक रुपया म्हणाली. मी बारा आणे म्हटलं, तिने लगेच दिली. लगेच! चार रुपयांच्या जागी बारा आण्यांत काम झालं म्हणून मी वाटभर स्वतःवर खूश. शीट बघायचीसुद्धा शुद्ध राहिली नाही. घरी येऊन कवडीला परसात डालग्याखाली ठेवलं. एकवीस दिवस ठेवीन म्हटलं, आणि रुजायमायला सांगीन कधीतरी.

चौथ्या दिवशी गावपळणीचा कौल झाला. आमच्या भागात ही रीत आहे: काही वर्षांनी एकदा देवाचा कौल घेऊन सगळं गाव तीन दिवस रिकामं करायचं. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, जिवंत असं काही मागे ठेवायचं नाही. गावची शीव ओलांडून पलीकडे नारळाच्या विणलेल्या झापांच्या खोपी घालून राहायचं, आणि तीन दिवसांत कुणी शिवेच्या आत पाऊल टाकायचं नाही. ख्रिस्ती घरंसुद्धा यायची. पोराटोरांना तर जत्राच. नदीपलीकडच्या मळ्यात खोपींच्या रांगा लागल्या. सासरे पुरुषमंडळींत गेले. मी एकटी गाठोडी घेऊन उभी होते, तोच रुजायमायने हाक मारली. "चेडवा, हंय ये गो. माझ्या वांगडा रव." तिने मला तिच्या खोपीला लागून जागा दिली होती.

आता बघा माझी अवस्था. कवडीला गावात सोडता येत नव्हतं, आणि रुजायमायला सांगायची हिंमत नव्हती. मी तिला टोपलीत घालून वर गोणपाट बांधलं होतं. रुजायमायने विचारलं, "ता काय गो?" मी म्हटलं, "भांडी." एवढं लहान खोटं. झापाच्या पातळ भिंतीपलीकडे हातभर अंतरावर तिच्या साऱ्या कोंबड्या डालग्यांखाली होत्या. चंपी तर दिवसभर दोन्हीकडे नाचत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गोणपाट उचललं, तर कवडी मान पाठीकडे पिळून बसलेली. चोच उघडी, आणि टोपलीच्या बुडाला हिरवं पाणी. मी बघितलं आणि मला कळलं. कळलं नाही असं नाही हो, त्याच क्षणी कळलं! रुजायमाय तेव्हा पिल्लांसाठी वाळवी शोधायला टोपली घेऊन नदीकाठाने गेली होती. तेवढ्या वेळात मी धावत जाऊन तिला सांगू शकले असते. ती सगळी डालगी उचलून मैलभर लांब गेली असती. मी काय केलं? कवडी मेल्यावर तिला पदराखाली नेऊन नदीच्या वाळूत पुरलं, टोपली धुतली, आणि रुजायमाय परत आली तेव्हा तिच्याबरोबर बसून पेज जेवले. तिने मला तिच्यातलं बांगड्याचं लोणचं दिलं नाही, मी खात नाही म्हणून. आठवणीने आंब्याचं आणलं होतं.

तिसऱ्या दिवशी कौल मिळाला, सगळे वाजतगाजत गावात परतले. चंपी त्याच संध्याकाळी गेली. पाच-सहा दिवसांत रुजायमायच्या अंगणात रोज तीन, रोज चार मरायला लागल्या. ती सकाळी उठून मेलेल्या कोंबड्या उचलायची, खोल खड्डा काढायची, वर चुना टाकायची. मी मदतीला गेले तर म्हणाली, "तू घरा जा." वीस वर्षांचा वाण दहा दिवसांत संपला. मग इतर घरांतल्या कोंबड्या गळायला लागल्या, आणि गाव हवालदिल झालं.

अशा वेळी कारण लागतं. ते मिळालं. कुणीतरी सांगितलं, पळणीच्या दुसऱ्या दिवशी रुजायमायला शिवेच्या बाजूला एकटीला जाताना बघितलं. झालं! ती शिवेच्या आत गेली, गुपचूप तिच्या क्रुसापाशी मेणबत्ती लावून आली, म्हणून देव कोपला. पहिल्यांदा तिच्याच कोंबड्या मेल्या, आणखी काय पुरावा हवा? दाजींनी जाहीर केलं, तिच्या हातचा कोंबडा यापुढे देवाला चालायचा नाही. पोरं तिच्या बेड्यावर दगड मारायला लागली. ती फक्त वाळवीला गेली होती. हे गावात दोनच माणसांना माहीत होतं, तिला आणि मला.

मी झोपले नाही, जेवले नाही. शेवटी एका सकाळी तिच्याकडे गेले आणि बेड्याशीच उभी राहून सगळं बोलून टाकलं. बाजार, कवडी, गोणपाट, वाळू. मला वाटलं ती किंचाळेल, 'शिरा पडो' असा शाप देईल. ती खुराडं सारवत होती. हात न थांबवता म्हणाली, "माका म्हायत आसा. निघताना तुझ्या खोपयेत कवडा पीस पडलेला बघलंय. माझ्या कोंब्यांत कवडो रंग नाय."  मी विचारलं, "मगे तू लोकांक सांगलंस कित्याक नाय?" तेव्हा तिने हात धुतले आणि माझ्याकडे बघितलं. "मिया सांगलंय तर ते म्हणतले, आपला झाकूक दुसऱ्याचा नाव घेता. एकट्या पोरीर घालता. तू तुझ्या तोंडान सांगशीत, तरच ता खरा. आळ इल्यापासून अकरा दिस वाट बघलंय गो तुझी." मग म्हणाली, "माका सांगलंस, बरा केलंस. आता देवळाकडे गाव जमतला, थंय सांग."

त्याच आठवड्यात देवळासमोर गाव जमलं, मर कशी थांबेल ते देवाला विचारायला. मी सकाळपासून वाक्य जुळवत होते. एवढंच म्हणायचं होतं: मर मी आणली. दाजींनी मोठ्याने विचारलं, "कोणाक काय सांगाचा आसा काय?" बायकांच्या घोळक्यात मी तिसऱ्या रांगेत होते. माझ्या पुढच्या बाईने मागे वळून बघितलं, उगाच, सहज. मला वाटलं ती आता म्हणेल, पोर खाल्लंन आपलं, आता गावाच्या कोंबड्या खाल्ल्यान. सासरे समोर पुरुषांत बसले होते, मान खाली घालून.  दाजींनी दोनदा विचारलं, दोनदा! आणि मग बोलणं पुढे गेलं. रुजायमाय लांब वडाखाली उभी होती. ती घरी गेली.

मी भित्री होते, दुसरं काही नाही. पुढे पुष्कळदा मनाला सांगून बघितलं, वय लहान होतं, नवरा लांब होता, आधीच नावं ठेवत होते. सगळं खरं. पण त्या बाईने माझ्यावर दया न करता मला माणूस समजून कोंबड्या विकल्या होत्या, आणि मी तिच्यासाठी तीन शब्द बोलू शकले नाही.

त्यानंतर दीड-दोन वर्षं ती गावात होती. मी जायची. तिने मला कधी येऊ नको म्हटलं नाही. अंगणात आता एकही कोंबडी नव्हती, खुराड्यात तिने लाकडं भरून ठेवली होती, तरी मी बेड्याशी आले की ती आतून ओरडायची, "पाय धू गो." मी राख लावून पाय धुवायची आणि आत जायची. ती चहा द्यायची, माझ्या नवऱ्याच्या पत्राबद्दल विचारायची, माझ्या दुसऱ्या बाळंतपणात तिनेच माझं अंग चोळलं. त्या गोष्टीबद्दल चकार शब्द नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. राखणीचे कोंबडे लोक बाजारातून आणायला लागले. तिच्यासमोरून नेताना मुद्दाम वर धरायचे.

मग गोवा सुटला, आणि त्याच्या पुढच्या वर्षी तिची भाची म्हापशाहून तिला न्यायला आली. निघाली त्या दिवशी एसटीच्या थांब्यावर दहा-बारा माणसं होती, कुणी बाजाराला चाललेली, कुणी नुसती बघायला आलेली. दाजीही होते. माणसं वाईट नव्हती हो. दाजींनीच तिची पत्र्याची पेटी उचलून टपावर द्यायला सांगितली. मी कडेवरच्या मुलीला घेऊन उभी होते. रुजायमायने मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. मग माझ्याकडे बघून हळूच, पण अगदी स्पष्ट विचारलं, "सांगलंस?"

दाजी चार हातांवर उभे होते. सगळे होते. आणि मी म्हटलं, "नाय, माय."

तिने मान हलवली आणि गाडीत चढली. खिडकीजवळ बसली, पण बाहेर बघितलं नाही. पुढे तीन वर्षांनी भाचीचं पत्र आलं, ती गेल्याचं. तिकडेही कोंबड्या पाळल्या होत्या का, ते मी उत्तरात विचारलं. त्या पत्राला उत्तर आलं नाही.

दाजी गेले, सासरे गेले, त्या दिवशी देवळासमोर बसलेल्यांपैकी आता मला सोडून कुणी उरलं असेलसं वाटत नाही. गावात अजूनही कधी कोंबड्यांवर साथ आली, की म्हातारी माणसं पोरांना सांगतात, पूर्वी एक किरिस्तांव बाई पळणीत शिवेच्या आत गेली होती, तेव्हापासून हे असं. मी ऐकते आणि आत जाते. परवा माझ्या नातवानेच ती गोष्ट मला येऊन सांगितली. मी त्याला खाली बसवलं, आणि देवळासमोर जे म्हणायचं होतं ते त्याला म्हटलं. रुजायमाय शिवेच्या आत गेली नव्हती, बाळा. मर मी आणली.